कायद्याच्या गळ्यात झेंडू

मुलीला वसतिगृहात सोडायला गेले होते. जिन्याच्या वळणावर आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला दिसला, आणि हातातली वळकटी सावरत मी तिथेच थांबले. सिलिंडरला हळदीकुंकू वाहिलेलं होतं. गळ्यात गेल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार होता, आणि हाराचा दोरा थेट ओढायच्या पिनेलाच बांधला होता, चांगल्या तीन गाठी मारून.

"नव्या कायद्याने प्रत्येक मजल्यावर सक्तीचा केलाय," रेक्टरबाई कौतुकाने म्हणाल्या.

"चालवायचा कसा, ते मुलींना शिकवता का?"

"शिकवायचं काय त्यात? दरवर्षी पूजा करतो की आम्ही!"

मला हसू आवरेना. कायदा करणाऱ्यांनी सगळं लिहिलं असेल, पण त्यांना झेंडू कुठून सुचणार? आपल्याकडे एखादी वस्तू पूजेला लागली, की तिला हात लावायचा नसतो. तिनेच आपणहून पावायचं असतं. तसा दसऱ्याला मीही स्कूटरला हार घालते, त्यामुळे फार बोलायची सोय नव्हती. पण स्कूटर मला चालवता तरी येते.

निघायची वेळ झाली. परक्या गावात पोरीला ठेवून जायचं होतं, आणि त्या सिलिंडरपुढे माझे हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. डोळे उघडले, तर लेक नखाने कुंकू खरवडून खालची सूचना वाचत होती.

"आई," ती म्हणाली, "कात्री आहे का गं तुझ्याकडे?"