करपलेल्या बुडाच्या नानकटाया

माझ्या बायकोच्या नानकटाया वाईट होत्या. ती होती तोवर हे कोणी बोललं नाही. मी तर नाहीच, मला त्याच घरात जेवायचं होतं. मागच्या पावसाळ्यात ती गेली, म्हणून आता बोलतो. कडक व्हायच्या, बुडाशी करपायच्या, आणि त्यात ती मोहफुलं भाजून कुटून घालायची. तिचं माहेर धानोऱ्याकडचं, जंगलातलं. तिकडं मोहफूल कशातही घालतात. तिनं ते येशूच्या वाढदिवसातही घातलं.

नाताळ जवळ आला तसा मुलीचा नागपूरहून फोन आला. "बाबा, यंदा नानकटाया बाजारातून आणू. आई नाई तं कोण करन?"

"मी करन," म्हटलं.

पलीकडं ती हसली. मग एकदम हसायची थांबली, ते मला जास्त लागलं.

खरी गोष्ट अशी की मी घाबरलो होतो. तिचा आवाज मला आठवत होता, शिव्याही शब्दान् शब्द आठवत होत्या. पण एके दिवशी चहा पिता पिता तिच्या नानकटाईची चव जिभेवर आणायला गेलो, तर आलीच नाही. नुसतं कडक काहीतरी आठवलं. चार महिन्यांत एवढं गेलं, तर वर्षभरात काय राहील? म्हणून ती चव मला एकदा परत तोंडात पाहिजे होती. चांगली नको होती, तीच पाहिजे होती.

कृती कुठं लिहिलेली नव्हती. पण चाळीस वर्षं मी समोर बसून बिडी ओढत पाहिलं होतं. ती वाटीभर तूप काढायची, मैद्यात ओतताना अर्ध्यावर थांबायची, आणि उरलेलं परत बरणीत. "एवढं बस झालं. तूप का झाडाले लागते?" साखरेचंही तसंच. मग सुंठ, आणि शेवटी मोहफुलांची भुकटी, ती मात्र मूठभर. कंजूष बाई मोहफुलांच्या बाबतीत राजा होती.

मोहफुलांसाठी साळीला, बायकोच्या बहिणीला, फोन केला. ती अजून त्यांच्या माहेरच्या गावातच राहते.

"काय जी भाऊजी, मोहफुलं कायले पाह्यजे? बाई गेली न् पियाले लागले का?"

"नानकटाया कराच्या हायेत."

"तुमी?" ती एवढी हसली की फोनवरून तिची कोंबडी ओरडलेली ऐकू आली. "चूल पेटवता येते का तुमाले?"

"खाणीत बारूद पेटवून जन्म गेला माहा."

"तेच म्हणून राह्यली मी. घर राहू द्या जागेवर."

पण तिनं एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी दिली.

आमच्या बल्लारपुरात नाताळच्या आधी बेकरीच्या भट्टीवर बायांची रांग लागते. मळलेलं पीठ घरून न्यायचं. तिथले कारागीर ट्रेवर गोळे लावून भाजून देतात, मजुरी घेतात. नियम एकच, आणि तो कुठं लिहिलेला नाही: आपला ट्रे भट्टीत असेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाया हलत नाहीत. पदर नाकाला लावून दोन-दोन तास उभ्या राहतात.

मी पिठाचं घमेलं घेऊन रांगेत उभा राहिलो तर सगळ्या वळून पाहायला लागल्या. एक म्हणाली, "भाऊ, सिमेंट कालवून आणलं का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या घरचं छप्पर गळते म्हणून आयकलं." ती पदर सावरत पुढं वळली. रांगेत माझ्या मागं आणखी एक पुरुष होता, रेल्वेतला गार्ड, बदली होऊन नवीनच आलेला. त्याच्या बायकोनं त्याला घमेलं देऊन पाठवलं होतं, आणि तो घमेल्याकडं असा पाहत होता जसं कोणाचं बाळ चुकून हातात आलं.

भट्टीवाल्या चाचानं मला दोन चिठ्ठ्या दिल्या, दोन्हींवर एकच आकडा. एक ट्रेवर चिकटवायची, एक आपल्याजवळ ठेवायची. माझं काय झालं, खाणीत खाली उतरताना जे टोकन मिळतं ते अंगावरून हलू द्यायचं नाही, ही सवय हाडात बसलेली. मी दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि वरून हात ठेवला. गार्डानंही तेच केलं. जन्मभर गाडीचे कागद सांभाळणारा माणूस, तो कागद ट्रेवर कशाला सोडेल? बायांपैकी कोणीही ही चूक केली नसती.

माझा ट्रे मी कारागिराला मुद्दाम आतल्या कोपऱ्यात सरकवायला लावला. तिथं आग जास्त. तो म्हणाला, "बाबा, करपन तिथी."

"करपू दे."

त्यानं डोक्यावर बोट फिरवून दुसऱ्याला दाखवलं.

मग मी आणि गार्ड चहा प्यायला गेलो. हो, गेलो. तो मला विचारत होता इथं उन्हाळा खरंच तेवढा असतो का. मी त्याला घाबरवण्यात रंगलो. पंख्याची हवा अंगावर घेतली तर फोड येतात, असंही सांगितलं. त्याला ड्युटी होती, तो लवकर उठला. मी दुसरा चहा घेतला. परत आलो तेव्हा गार्ड निघून गेला होता आणि माझ्यासाठी एक ट्रे काढून ठेवला होता. वरून नानकटाया छान तांबूस. बूड मी पाहिलं नाही. डब्यात भरल्या, झाकण लावलं.

लगेच खायला पाहिजे होतं ना? पण तिचा कायदा होता. सगळी पोरं घरी आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एका वर्षी मी चोरून एक काढली होती, तर तिनं नाताळच्या दिवशी मला ताटात फक्त वरण वाढलं. म्हणून दोन दिवस मी त्या डब्याला नुसतं हुंगत राहिलो. झाकणाला मोहाचा वास येतो असं वाटायचं. माणसाचं नाकही मनासारखं वागतं.

मुलगी आली, मुलगा आला, त्यांची पोरं आली, साळी एसटीनं आली. दुपारी मी डबा मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. सगळ्यांच्या आधी मी उचलली. चावली.

ती जिभेवर विरघळली.

उभ्या जन्मात तिच्या नानकटाया विरघळल्या नव्हत्या. तूप एवढं की बोटं चमकायला लागली. वास वेलचीचा. बूड उलटून पाहिलं तर गोरंपान. ही माझी नव्हती, आणि माझी नव्हती म्हणजे तिचीही नव्हती.

मी पोरांकडं पाहिलं. मुलगी चावत होती आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "अगदी आईच्यासारख्या."

"खरंच?"

"शप्पथ."

आता मला लबाडी सुचली. मुलाकडं वळलो. "तुले काय वाटते रे?"

"डिट्टो आई," तो तोंड भरून म्हणाला. त्याची ती चौथी होती. आईच्या नानकटाया त्यानं जन्मात एकीच्या वर खाल्ल्या नव्हत्या. उरलेल्या खिशात घालून शेजाऱ्याच्या कुत्र्याला नेऊन द्यायचा.

"मोहफूल बराबर पडलं ना? जास्त तं नाई झालं?"

"नाई, एकदम बराबर," दोघंही म्हणाले. एकदम, एका आवाजात. चर्चमध्ये आमेन म्हणतात तसं.

साळीनं अर्धी खाल्ली, बाकीची दोन बोटांत धरली, उजेडाकडं नेली. "खोटं बोलून राह्यले तुमी सारे," ती म्हणाली. "माह्या बहिणीनं एवढं तूप तिच्या लग्नातही नसतं टाकू देलं. आन् मी पाठवलेली फुलं कुठी गेली? भाऊजी, पिऊन टाकली का?"

पोरांच्या माना खाली गेल्या. मुलगी म्हणाली, "तुमाले वाईट वाटन म्हणून बोललो, बाबा."

मी सायकल काढली.

भट्टीवर चाचा ट्रे घासत होता. मी सांगितलं, अदलाबदल झाली. तो म्हणाला, "चिठ्ठी कुठी हाय?"

"ही."

"दुसरी?"

दुसरी पण खिशातूनच निघाली. त्यानं दोन्ही शेजारी ठेवल्या, मग माझ्याकडं पाहिलं. "मंग ट्रेवर मी का चिकटवाचं होतं, माहा फोटो? दोन ट्रे बिनचिठ्ठीचे निघाले. गार्डसाहेब पह्यले आले, समोरचा घेऊन गेले. या बाया चाळीस साल येऊन राह्यल्या, एक ट्रे इकडचा तिकडं झाला नाई. दोन माणसं आली न् सत्यानाश."

रेल्वे क्वार्टरात गार्डाचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार त्याच्या बायकोनं उघडलं. पश्चिम महाराष्ट्राकडची बाई, बोलणं कडक इस्त्रीचं. मी अर्धा उरलेला डबा पुढं केला आणि सांगितलं.

"म्हणजे त्या तुमच्या होत्या!" ती म्हणाली. "अहो भाऊ, मी त्या बेकरीवाल्याशी भांडायला निघाले होते. मला वाटलं त्यानं माझं तूप काढून घेतलं. राग मानू नका, पण काय कडक! माझ्या सासूबाईंनी एक चावली आणि कवळी बाजूला काढून ठेवली."

"लय कडक?" मी विचारलं.

"दगड हो. आणि बुडाशी काळ्या."

"काळ्या? सगळ्याच?"

"एकूण एक." तिला वाटत होतं मी वाईट वाटून विचारतो, म्हणून ती जरा सांभाळून बोलायला लागली. "तसं थोडंफार करपतंच. पण गोडही कमी होत्या. आणि त्यांना वास कसला होता? दारूसारखा?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. एवढी तारीफ माझी आयुष्यात कोणी केली नव्हती.

"आमच्या ह्यांना मात्र तो वास आवडला," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "परवापासून येता-जाता तोंडात टाकतायत. बाकीच्या मी शेळीवाल्याला दिल्या. थांबा, काही असतील."

स्टीलच्या डब्यात सात उरल्या होत्या. तिनं चहा ठेवला. मी एक उचलली. दाढेखाली धरून जोर लावला तेव्हा कुठं तुटली. आधी करपटपणा आला, मग सुंठ घशाला लागली. आणि मग, चावून चावून जबडा दुखल्यावर, तो मोहाचा वास आतून वर नाकात आला, आणि सोबत सगळं घेऊन आला. तिच्या हाताला लागलेलं पीठ, ते न पुसता तिनं मला मारलेली चापट, बरणीत परत जाणारं तूप.

मला गिळता येईना. डोळ्यांतून पाणी सुरू झालं. बाईला वाटलं नानकटाई घशात अडकली. ती धावत आली आणि माझ्या पाठीत असे धपाटे घालायला लागली की तुकडा बाहेर उडून चहात पडला. "सांगितलं होतं ना, दगड आहेत!" ती ओरडत होती. मी हातानं सांगत होतो, थांबा, थांबा. पण ती काही थांबली नाही. शेवटी तो तुकडा मी चहातून बोटानं काढून खाल्ला. तिनं तिकडं पाहिलं नाही, भली बाई.

स्वतःच्या नानकटाया ती बाई परत घ्यायला तयार नव्हती, आमच्या सगळ्यांचे हात लागलेल्या. तिला दोन्ही डबे माझ्याबरोबर घराबाहेर घालवायचे होते.

घरी येऊन मी सहा नानकटाया बशीत ठेवल्या. मुलीनं एक उचलली, बुडाकडं पाहिलं, चावली. कटकन आवाज झाला. ती तशीच बसून राहिली. गालात तो तुकडा धरलेला, चावेना की गिळेना. मुलानं तिच्याकडं पाहून दुसरी घेतली. पहिल्या घासालाच त्यानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "बापरे, आई."

"आता खरं बोलला," साळी म्हणाली. तिनं दोन उचलल्या. एक तोंडात घातली, एक पदराला बांधायला लागली.

"मावशी, ठेव ते इथी," मुलगी भरल्या तोंडानं म्हणाली.

"माही बहीण होती."

"माही आई होती."

"मंग तूच तं बाजारातून आणाले निघाली होती ना?"

माझी नात मधून आली, एक खाऊन पाहिली, थू म्हणून माझ्या हातावर काढून ठेवली आणि खेळायला पळाली. तीसुद्धा तिघांनी पाहिली. मी हात मागं घेतला आणि तोंडात टाकली.

बशीत एक राहिली. चारही माणसं तिच्याकडं पाहत बसली. मुलगा म्हणाला चार तुकडे करू. कसले तुकडे, त्याला कुऱ्हाड लागली असती. शेवटी मी ती उचलली, सगळ्यांसमोर वरून, खालून, चारही बाजूंनी नीट चाटली आणि परत बशीत ठेवली.

"घ्या आता," म्हटलं. "कोणाले पाह्यजे?"

साळीनं शी केलं. मुलानं तोंड फिरवलं. मुलीनं माझ्याकडं पाहत ती उचलली, पुसलीसुद्धा नाही, आणि दाढेखाली धरून जोर लावला.