घामाची चहाडी

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या अमरावती जिल्ह्यात सापडायचा नाही. अचलपूरजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. कोणी पाणी दिलं तर पिण्याआधी ते ग्लास उजेडात धरतात. एसटीची पाटी वाचूनही ड्रायव्हर, कंडक्टर आणि मागच्या सीटवरची बाई अशा तिघांना विचारतात, "अमरावतीलेच जाते ना?" मधुमेह निघाला तेव्हा एकाच सकाळी त्यांनी दोन लॅबमध्ये रक्त दिलं. आकडे जुळले, तर म्हणाले, "दोघंय एकमेकाले मिळेल हायेत."

अशा माणसाला गेल्या उन्हाळ्यात लेकीने अकोल्याहून दंडावर चिकटवायची पट्टी आणून दिली. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे या पट्ट्यांची चाचणी चालू होती. पट्टी घामातून साखरेचा अंदाज घेते आणि थेट लेकीच्या मोबाइलवर कळवते. मामांनी घरात बोलणंच सोडलं. मी भेटायला गेलो, तर मला खुणेने गोठ्यात नेलं, दंडावर टॉवेल गुंडाळला आणि कुजबुजले, "जावईबापू, हे आयकून राह्यली."

"मामा, तिला कान नाहीत."

"मंग म्या लाडू खाल्ला, ते पोरीले कसं समजलं?"

शेवटी त्यांनी पट्टीचीच परीक्षा घ्यायची ठरवली. नवी पट्टी मामींच्या दंडावर चिकटवली. मामींना साधी सर्दी झालेलीही त्यांना आठवत नव्हती. दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, काय खाल्लं तुमी? साखर लय वाढली!"

"पाह्यलं? खोटारडी!" मामा आनंदाने ओरडले. "अवं, ते तं तुया मायच्या दंडावर हाये!"

पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, आईचं रक्त आजच तपासा."

रक्त तपासलं, तर साखर खरोखरच वाढलेली. सतत तहान, थकवा, पायांना मुंग्या. मामींनी वर्षभर सगळं अंगावर काढलं होतं.

"सांगतलं काहून नाही?" मामांनी विचारलं.

"सांगून काय? तुमी म्हटलं असतं, सोंग करून राह्यली."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

परवा गेलो, तेव्हा मामी वाफ्यात मेथी खुडत होत्या आणि मामा बांधावर बसून त्यांच्याकडे एकटक बघत होते.

"काय पाह्यता?" मामींनी विचारलं.

"काही नाही. थकली काय, ते पाहून राह्यलो."

"नाही थकली," मामी हसून म्हणाल्या.

मामांचा विश्वास बसला नाही. ते उठले, गुडघे धरत वाफ्यात उतरले आणि टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली.