वन्संचं शेवाळ

आमच्या वन्सं पाणी आधी बघायच्या, मग प्यायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की ग्लास उजेडाकडे धरायच्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ह्यांची ही थोरली बहीण. जन्म तलवाड्यातला आणि नोकरी कुठे, तर कोकणात, समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तपासायची. गावात सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे शेवाळताई.

सुट्टीला आल्या की समुद्राच्या गोष्टी सांगायच्या. तिथलं बारीक शेवाळ कधीकधी विष तयार करतं. शिंपले ते खातात, त्यांना काही होत नाही. पण तोच शिंपला माणसानं खाल्ला की ओठ बधिर, हातपाय लुळे. "आन् उकळलं तरी जात न्हाई बरं का!" सासूबाई वैतागायच्या, "अगं, जेवताना असलं कशाला सांगती?" पण वन्संना शेवाळाचा राग नव्हता, उलट मायाच होती. "समदं वाईट नसतं गं. आपण श्वास घेतो त्यातला लई भाग ह्यांनीच केलेला हाय."

तिथंच घात झाला. आमच्याकडे पाण्यात जे जे हिरवं, ते शेवाळच. धाग्यासारखं असो नाहीतर सायीसारखं, दुसरा शब्दच नाही.

उन्हाळा होता. गावातले गेणूमामा त्यांची शेरडं आमच्या रानात चारायचे आणि आमच्याच शेततळ्यावर पाजायचे. एक दिवस ते घरी आले आणि माझ्यासमोर त्यांनी वन्संना फोन लावला. "ताई, तळ्यात शेवाळ धरलंय. शेरडांना चालंल का?"

वन्सं कामाच्या गडबडीत होत्या. हसून म्हणाल्या, "शेवाळाला काय भ्यायचं मामा? पाजा खुशाल."

त्यांच्या डोळ्यांपुढे धाग्यांचं साधं शेवाळ होतं. तळ्यात मात्र रंग ओतल्यासारखी हिरवी साय काठाला साचली होती. गोड्या पाण्यातलं विषारी शेवाळ असंच दिसतं, हे आम्हाला नंतर कळलं. दिवस मावळायच्या आत शेरडं थरथरून पडायला लागली. निम्मा कळप गेला. गेणूमामा येईल त्याला सांगत होते, "ताईंनीच सांगितलं, पाजा म्हणून."

वन्सं मिळेल त्या गाडीनं मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत आल्या, तिथून ह्यांनी त्यांना आणलं. घरी न येता सरळ तळ्यावर गेल्या. काठीनं ती साय उचलली. धागा आला नाही. काठीला नुसता रंग लागला.

"मी एवढंच विचारायला पाहिजे होतं गं," त्या म्हणाल्या. "काठी घाला, काय वर येतं ते सांगा. बस, एवढंच."

मग गेणूमामांच्या दारात जाऊन त्यांनी हात जोडले. मामा म्हणाले, "जाऊ द्या ताई. तुमी काय मुद्दाम केलं का?" परत येताना वन्सं म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्या कशालाच सरळ उत्तर देईनात. पोट दुखतंय म्हटलं की, "दुखतंय म्हणजे कसं?" भाजी खारट झाली म्हटलं की, "खारट म्हणजे कसं?" एकदा मी चिडून म्हणाले, "वन्सं, तुमच्याशी बोलायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं!" त्या हसल्या नाहीत. दर सुट्टीत आधी गेणूमामांच्या घरी जायच्या, मग आमच्याकडे यायच्या. शेळीच्या दुधाचा चहा मात्र कधी तोंडाला लावला नाही. शेवटच्या आजारात आमच्याकडेच होत्या. तापात बडबडायच्या, "मामा, थांबा. पाजू नका."

वन्सं गेल्या. दहाव्याला सगळे उठून गेले तरी गेणूमामा ओट्यावर बसून राहिले. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.

"वैनी, शेरडं आधीच प्यालती."

मला काही कळेना. "कधी?"

"त्या दिवशी. सकाळीच पाजली. मग पाणी बघून भ्यालो, म्हणून तुमच्याकडं आलतो. ताई चालंल म्हणल्या, जिवाला बरं वाटलं. आन् पडायला लागली तवा घरच्यांना सांगायची छाती झाली न्हाई. तोंडातून ताईंचं नाव गेलं ते गेलं."

असा संताप आला की वाटलं, तो कप फेकून मारावा. इतकी वर्षं! वन्सं मामांच्या दारात जात होत्या, हात जोडत होत्या, आणि हा माणूस गप्प!

"मामा, एका शब्दाचं काम होतं ओ!" मी ओरडलेच.

"दर येळी सांगणार होतो. त्या दारात दिसल्या की वाटायचं, आज नगं." म्हातारा हुंदके द्यायला लागला. "आता कुणाला सांगू, वैनी?"