आप्पांचे अख्खे पिस्ते

माझं लग्न एका पिस्त्यामुळे मोडता मोडता राहिलं.

तेव्हा मी इतका बारीक होतो, की गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर वारा सुटला की आई माझं मनगट धरायची. (माझं वय पंचवीस!) हेदवीची एक मुलगी मला फार आवडली होती. पण तिच्या वडिलांचं म्हणणं, "मुलगा बरा आहे, पण अंगात जीव दिसत नाही." आणि आता ते मुलीला घेऊन आमचं घर बघायला येणार होते.

नेमके शेजारचे हमीदचाचा कुवेतहून आले. पिस्त्यांची भलीमोठी पिशवी आईच्या हातात देत म्हणाले, "भाभी, ह्याला रोज मूठभर खाऊ घाला. रक्त वाढतं, नजर सुधारते, काळीज मजबूत होतं!"

"आणि वजन?" मी विचारलं.

"खाशील तसं!"

पिस्ता आम्ही तोवर बर्फीवर चिकटलेलाच पाहिला होता. कवचासकट पहिल्यांदाच! आप्पा, म्हणजे माझे वडील, काजूच्या कारखान्यात माल निवडायचे. त्यांच्या लेखी अख्खा काजू पहिल्या प्रतीचा, फुटला की भाव उतरला. त्यांनी पिस्ते सुपात ओतले आणि कपाळाला हात लावला.

"हमीदला फसवलंन कोणीतरी! सगळा माल फुटका!"

"चाचांना विचारू या का?" आई म्हणाली.

"मला माल शिकवतेस? जन्म गेला निवडण्यात!"

दुपारभर बसून त्यांनी घट्ट मिटलेले पिस्ते बाजूला काढले. ते पाहुण्यांसाठी. तोंड उघडलेले सगळे माझ्या वाट्याला. मी शर्टाचे खिसे भरले आणि येता-जाता खात सुटलो.

पाहुणे आले. आईने ठेवणीतल्या ताटलीत आप्पांचा माल मांडला. होणाऱ्या सासऱ्यांनी टपोरा पिस्ता उचलला आणि दाढेखाली धरला. कट्ट! पिस्ता शाबूत होता. दाढ नव्हती.

"हे काय देताय खायला?" ते गाल धरून ओरडले.

"निवडक माल!" आप्पा अभिमानाने म्हणाले. "एक तरी फुटका दाखवा!"

आईने धावत अडकित्ता आणला. आप्पांनी जोर लावला. पहिला पिस्ता उडाला तो थेट सासऱ्यांच्या चहात! दुसरा एकदाचा फुटला, तर आत चक्क पोकळ. सासरे उठून चपला शोधू लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

इतक्यात मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा. अहो, तुमच्या खिशात काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शरमेने खिसा रिकामा केला. तिने एक फुटका पिस्ता नखाने सहज उघडला आणि हिरवा दाणा वडिलांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दुसऱ्या बाजूने हळूच चावला. मग आणखी एक घेतला. मग बसले.

"आम्हाला दगड, आणि हा आपला मजेत गर खातोय!" ते म्हणाले. "पोरगा उपाशी नाही मरायचा. जमवा!"

लग्न झालं. पिस्त्यांनी रक्त, नजर, काळीज सगळं सुधारलं असेल; वजन मात्र होतं तिथेच राहिलं. आजही भांडण झालं की बायको म्हणते, "मीसुद्धा आप्पांसारखाच माल निवडला. बाहेरून अख्खा, आत काही नाही!"