चार रंगांची कादंबरी

आमच्या घरी सगळे वाचतात, असं मी मुलीच्या साक्षगंधात नागपूरच्या पाहुण्यांना सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. आमचे हे विजेचं बिल वाचतात, सासरे खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचतात आणि मी बाकीच्यांचे चेहरे वाचते.

पण आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी ते मनावर घेतलं. त्या साडी-चोळीच्या विरोधात. त्यांनी ताटात शालीऐवजी विटेएवढी जाड कादंबरी ठेवली, पहिल्या पानावर सुरेख अक्षरात आमच्या घराला शुभेच्छा लिहिल्या आणि म्हणाल्या, "लग्नाची तारीख काढायला येऊ, तेव्हा यावर निवांत बोलू. सगळ्यांशी."

सगळ्यांशी! मी हसून मान डोलावली. घरी आल्यावर प्राचीनं, म्हणजे आमच्या कन्येनं, माहिती पुरवली. "आई, उनको हलके में मत लेना. याआधीचं एक स्थळ त्यांनी कशामुळे नाकारलं माहितीये? मुलीच्या आईनं पुस्तकावर गरम केटली ठेवली होती."

म्हणजे परीक्षा होती, आणि नापास झाल्यास मुलगी घरात राहणार होती. मी ताबडतोब नियोजनाला बसले. पुस्तक एक, वाचणारे चार: मी, हे, सासरे (यांना आम्ही मामाजी म्हणतो) आणि मलाजखंडला खाणीत नोकरीला असलेले धाकटे दीर. एकानं संपवून दुसऱ्याला द्यायचं म्हटलं, तर आमच्या वेगानं प्राचीचं लग्न तिच्या साठीत लागलं असतं.

उपाय मामाजींच्या शेतीतूनच सुचला. लामता गावाकडे आमचं धान असतं. कापणीला अख्खं शेत एकाच्या गळ्यात कोणी घालत नाही. प्रत्येकाला आपापली पात नेमून देतात, सगळे एकदम लागतात, दुपारपर्यंत शेत रिकामं. कादंबरीनं काय घोडं मारलं होतं?

मी ती घेऊन बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले.

"भैया, इसके चार हिस्से करके स्पायरल लगा दो."

त्यानं पुस्तक पाहिलं, मला पाहिलं. "मॅडम, घर में बंटवारा हो गया क्या?"

मी त्याला असल्या चौकशांचं उत्तर द्यायला बांधील नव्हते. उलट, कोणाचा भाग कोणता ते चटकन कळावं म्हणून चार रंगांची प्लॅस्टिकची कव्हरं निवडली. पहिला पिवळा भाग मामाजींना, हिरवा यांना, निळा मलाजखंडला रवाना, शेवटचा लाल माझ्याकडे. पाहुणे यायच्या आधी चारही भाग पुन्हा एकत्र शिवून घ्यायचे, हेही ठरलेलं होतं. मी अविचारी बाई नाही.

रोजची पानं मी ठरवून दिली. स्वयंपाकघरातून विचारणा चालू झाली.

"मामाजी, आजची पानं झाली?"

"वाचून राह्यलो ना, सूनबाई. हा गोविंद मास्तर देवमाणूस हाय. घाई नोको करू."

"अहो, तुमची?"

"तुझा मास्तर बायकोला टाकून पळून गेला. मला झोप येतेय."

दिरांना रोज फोन. त्यांचं एकच उत्तर, "हौ वहिनी, चालू हाय." सगळ्यांच्या मागे लागण्यात माझा इतका वेळ जाऊ लागला, की लाल भाग उघडायला सवड होईना. पण अधिकाऱ्यानं स्वतः धान कापायचं नसतं.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. नागपूरहून अचानक गाडी मिळाली म्हणे. सुदैवानं दीर निळा भाग घेऊन आदल्या संध्याकाळी पोचले होते, दुर्दैवानं शिवणकाम राहिलेलं. मी चारही रंग आतल्या खोलीत गादीखाली सरकवले आणि पोहे टाकले.

विहीणबाईंनी पहिल्याच घासाला विषय काढला. "मग, कसा वाटला गोविंद मास्तर?"

"देवमाणूस," मामाजी म्हणाले. "बायकोले फुलासारखं जपते."

"कसला देवमाणूस, बाबा?" हे म्हणाले. "बायकोला सोडून पळाला तो."

"तू उगाच काहून बदनाम करतं त्याले? त्यानं तुझं काय बिघडवलं?"

दीर मदतीला धावले. "जाऊ द्या ना बाबा, मेलेल्या माणसाबद्दल कायले भांडता?"

मामाजींनी बशी खाली ठेवली. "मेला? कधी मेला? परवापर्यंत त बरा होता!"

"माझं सुरू झालं तवाच तेरवी चालू होती त्याची."

मामाजींचे डोळे भरून आले. "मले कोणीच सांगतलं नाही," ते म्हणाले. "पोहे नोको आता मले."

विहीणबाई आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि ताई, तुम्हाला शेवट कसा वाटला?"

"शेवट," मी म्हणाले, "जरा शेवटी आल्यासारखा वाटला."

"पुस्तक आणता का? एक उतारा दाखवते."

मी उठले नाही. प्राची उठली. दारातून तिनं अगदी सहज विचारलं, "आई, किस रंग का लाऊँ?"

नंतर चारही रंग टीपॉयवर आले. पिवळ्याच्या पहिल्या पानावर विहीणबाईंच्या शुभेच्छा होत्या. स्पायरलची भोकं नेमकी त्यांच्या सहीतून गेली होती.

"हे कुणी केलं?"

आमच्या घरात कधी नव्हे ती एकी झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. प्राचीनं डोळे मिटून घेतले. मी तारीख विसरले, हॉल विसरले, आचारी विसरले आणि दुसऱ्या स्थळांची मनातल्या मनात यादी सुरू केली.

तेवढ्यात मामाजी म्हणाले, "इहीनबाई, ते जाऊ द्या. मास्तर गेला कसा, ते सांगा. आजारी होता का?"

विहीणबाई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि हिरवा भाग उघडून वाचू लागल्या. मामाजी मध्ये मध्ये हुंकार देत होते, नाक पुसत होते, मास्तरच्या बायकोला शाबासकी देत होते. जेवणाचा भात गार झाला. शेवटी विहीणबाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तारीख लवकरची काढा. या घरात एक वाचक आहे."

एक! मी ते अपमान म्हणून घ्यायला मोकळी होते, पण आचाऱ्याला फोन करायचा होता.

जाताना त्या चारही भाग आपल्याबरोबर घेऊन गेल्या. जखमी लेकीला माहेरी नेतात तसे. लग्नात मात्र त्यांनी माझ्यासाठी वेगळा आहेर आणला: छान कागदात गुंडाळलेलं, मोठ्या चित्रांचं, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक. अगदी लहान मुलांसाठीचं. ओढलं तरी फाटत नाही, असं मागे छापलेलं होतं.

ते मी स्वतः, कोणालाही वाटून न देता, एका बैठकीत पूर्ण केलं. शेवटी हत्ती घरी पोचतो. याबाबत माझ्याशी कोणीही, केव्हाही, निवांत चर्चा करू शकतं.