सुषमाचे कापलेले गुण

नवरा वारल्यापासून झोप नाही, म्हणून आज सदर बाजारातल्या दवाखान्यात गेले. स्पिरिटच्या वासासरशी ती दुपार आठवली.

तेव्हा मी फॅमिली डॉक्टरांना रुग्णाशी बोलायला शिकवायचे. डॉक्टरने विचारायच्या प्रश्नांची यादी घेऊन मी गुण द्यायला कोपऱ्यात बसले होते. ब्राह्मणपाऱ्यातली एक बाई म्हणाली, "डॉक्टर दीदी, पोटची पोट्टी वारली माही. झोपच येत नाही मले." शिकाऊ सुषमा नुसती तिचा हात धरून बसली. यादी अर्धीच राहिली. मी गुण कापले, वर सगळ्यांसमोर झापलं, "काहून गप्प बसली तू?"

"मॅडम, ती रडून राहिली होती."

आजचा डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्याने मान डोलावत सगळे प्रश्न क्रमाने विचारले, एकही सोडला नाही. टेबलावरचा माझा हात तसाच पडून राहिला.