चॉकलेटी रक्त

सिरिंजमधलं ते रक्त आजही माझ्या डोळ्यांसमोर येतं. नोकरीत रक्त पुष्कळ पाहिलं, पण चॉकलेटच्या रंगाचं कधी पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा नालासोपाऱ्यात पोलीस निरीक्षक होतो. दुपारी ठाणे अंमलदाराने फोन घेतला. पलीकडे एक बाई रडत होती, "वहिनीनं माझ्या बाबांना विष घातलं. जमिनीसाठी!" कुटुंब जवळच्या गास गावचं, शेतकरी. जमीन विकण्यावरून सून आणि सासऱ्यात खटके उडत, हे गावाला ठाऊक होतं. हेतू आयताच समोर होता.

रुग्णालयात म्हाताऱ्याचे ओठ आणि नखं जांभळी पडली होती. ऑक्सिजन लावूनही उतार नव्हता. तरुण डॉक्टरीणबाईंनी ती सिरिंज माझ्यापुढे धरली.

"हे रक्त हवा लागूनही लाल होत नाही. अंगभर प्राणवायू पोचवायची त्याची ताकदच गेलीय. काही रसायनांनी असं होतं. यांनी काय खाल्लं ते लगेच शोधा."

मी हवालदाराला त्यांच्या घरी पिटाळलं. सून बाहेर बाकावर बसली होती. महिला शिपायाला सोबत घेऊन मी विचारपूस सुरू केली.

"आज काय रांधलंत?"

"केशरी भात. देवाला दाखवला नि पहिलं ताट मामंजींना वाढलं."

"त्यात काय घातलंत?"

"साखर, तूप, लवंगा. आणि रंग. त्यांना गडद आवडतो, म्हणून सढळ हातानं घातला."

"रंग कुठून आणलात?"

इतका वेळ सरळ उत्तरं देणारी ती बाई एकदम गप्प झाली. पुन्हा विचारलं, तर मान खाली. अशी गप्प बसणारी माणसं एक तर स्वतःला वाचवत असतात, नाहीतर दुसऱ्याला.

हवालदार पंचनामा करून परतला. भाताचं पातेलं आणि पिवळ्या भुकटीची पुडी त्याने पंचांसमक्ष सीलबंद केली होती. पुडीवर नाव नाही, शिक्का नाही. शाळेतून येणाऱ्या नातवंडांसाठी पातेल्यात भात झाकून ठेवलेला होता.

म्हाताऱ्याच्या खोलीच्या दाराशी उभी असलेली, फोन करणारी लेक पुडी पाहताच पुढे आली.

"साहेब, ही मीच दिली वहिनीला. आमच्या गल्लीत सुटा रंग मिळतो. दुकानदार म्हणाला, लाडवातपण हाच घालतात."

हे डॉक्टरीणबाईंना सांगायला मी आत गेलो, तेव्हा रक्तावरूनच निदान करून त्या म्हाताऱ्याच्या शिरेतून गडद निळं औषध सोडत होत्या. "हाही मुळात एक रंगच आहे," त्या म्हणाल्या. मी थक्क होऊन बघत राहिलो. हळूहळू ओठांवरचं जांभळेपण उतरलं, नखं गुलाबी झाली. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि सुनेला हाक मारली, "पानी दे गं."

बाहेर लेक वहिनीपुढे हात जोडून उभी होती. "मघाशीच माझं नाव का नाही घेतलंस?"

"कसं घेऊ, वन्सं? तुम्हालाच धरून नेलं असतं."

प्रयोगशाळेचा अहवाल आला : मेटॅनिल यलो. कापड, चामडं रंगवायचा हा रंग खाण्यात घालायला बंदी आहे. दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. मान्यता असलेल्या खाद्यरंगांनाही प्रमाणाची मर्यादा असते, हे मला त्या तपासात कळलं. तेव्हापासून सुट्या रंगाची पुडी दिसली की मी दुकानदाराला हटकतोच.

रक्त लाल असतं हे आपण किती गृहीत धरून जगतो! ते चॉकलेटी कसं झालं आणि पुन्हा लाल कसं झालं, हे डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. पण जी आपल्याला खुनी म्हणते तिच्यासाठी पोलिसांपुढे तोंड मिटून बसायचं बळ त्या सुनेत कुठून आलं, ते मात्र मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.